मापवही

ब्रिकामाच्या बाजारात, सुक्या माशांच्या गल्लीमागे
माझं दुकान. गॅम्बियाचं राष्ट्राध्यक्षपद मागायला
यंदा तिघं उभी आहेत,
आणि तिघांची मापं माझ्या वहीत आहेत.
शपथेच्या दिवशीचा पायघोळ झगा
माणूस निकालाआधीच शिवायला टाकतो.

जांभळ्या पक्षाचा आला तो पोट आत ओढून.
छाती चव्वेचाळीस. टेप फिरत होती तोवर
नदीवरच्या तीन पुलांबद्दल बोलत राहिला;
श्वास सोडला तेव्हा एक पूल कमी झाला.
पैशांचं त्याचा माणूस म्हणाला, "नंतर."
या शब्दाला माझ्या वहीत वेगळं पान आहे.

नारिंगीवाला शिकलेला, परदेशी बँकेत वीस वर्षं काढलेला.
वीज किती तास जाते, दोरा कुठून येतो,
सेनेगलच्या नाक्यावर जकात किती, सगळं विचारलं,
लिहूनही घेतलं. निम्मे दलासी आगाऊ मोजले.
मला वाटलं, हाच.
मग फान्सूच्या हातून टाचणी टोचली त्याला.
तो बोलला काहीच नाही. पोराकडे नुसतं पाहिलं,
आणि फान्सू दुपारभर
काजं उलटी करत राहिला.
त्या नजरेचं माप कुठे लिहायचं?
वहीत तसा रकाना नव्हता.

तिसरी बाई. बासेच्या दवाखान्यात सुईण होती.
रांगेत बसली, बाकावरच डोळा लागला तिचा.
कापड जुनंच आणलेलं, नवऱ्याच्या झग्याचं.
रेडिओवर तिला विचारलं, देशावर कर्ज किती?
म्हणाली, "नक्की ठाऊक नाही. विचारून उद्या सांगते."
अख्खा बाजार हसला. मीही, ओठांतल्या टाचण्या सांभाळत.
दुसऱ्या दिवशी तिने खरंच फोन केला, आकडा सांगितला.
बाजार तेव्हा फुटबॉलची मॅच ऐकत होता.

तरी जपून.
चांगला माणूस म्हणून मी एकदा
केबाच्या हाती लग्नाचं कापड दिलं होतं.
केबा, कोंबडीलाही दुखवायचा नाही.
त्याने नऊ मीटर दमास्क असं कापलं
की नवरीला दोन डावे खांदे.
आणि ज्याची कात्री रेघेवरून ढळत नसे
तो रोज संध्याकाळी माझंच कापड
पोटाला गुंडाळून घरी न्यायचा.

मग लायक म्हणायचं कुणाला?
चहाचा पहिला पेला कडू, दुसराही संपला,
तिसऱ्यात साखर पडली तरी
आमच्या ओट्यावर एकमत नाही.
सानुसी म्हणतो, आपल्या भाषेचा बघ.
मी म्हणतो, आपल्या भाषेतला शिंपी मीच ना?
तरी तू सूट बांजुलला शिवलास.

शनिवारी शाळेत हातावर एक गोटी ठेवली.
पडद्याआड पत्र्याची तीन पिंपं, तीन रंगांची.
बाहेर सायकलींना बंदी; त्यांची घंटी वाजली
तर मतांचा हिशेब चुकेल.
गोटी तळव्यात ऊन होईपर्यंत उभा राहिलो.
एवढीशी काच, आणि तिच्यात
तो सोडलेला श्वास, ती नजर, तो दुसऱ्या दिवशीचा फोन
कसं कोंबायचं?
सोडली आत. टण्.
तिन्ही पिंपांचा आवाज सारखाच असतो.

फान्सूला अजून मत नाही. घरी आल्यावर म्हणाला, "कुणाला?"
मी म्हटलं, झग्यांना इस्त्री कर.

आजवर थोरामोठ्यांच्या शिवणीत
मी चार बोटं कापड आत सोडत आलो,
खुर्चीत बसलं की माणूस फुगतं म्हणून.
यंदा तिघांच्याही शिवणीत
सूतभरसुद्धा जादा सोडलेलं नाही.
फुगायचं असेल त्याने
पुन्हा माझ्या दारात यावं,
हात वर करून उभं राहावं.